घारगेबाईंचं तपेलं

‘मॅडम, गॉगल आणलाय का? नसेल तर डोळे मिटा,’ नाखरे म्हणाले आणि त्यांनी पेटीवरचं गोणपाट बाजूला केलं.

मी डोळे मिटले नाहीत. साताऱ्याच्या त्या शाळेच्या मैदानावर जानेवारीतलं कोवळं ऊन तिरपं येत होतं, ते सगळं पेटीतल्या पितळी तपेल्यावर पडलं आणि तिथून माझ्या तोंडावर आलं. तपेल्याच्या पोटात एकात एक बसणारी पातेली होती, वर झाकणं होती, आणि बाजूच्या कप्प्यात खाकी बनातीच्या खोळीतल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीचं बूच बारीक साखळीने गळ्याशी बांधलेलं. मुलींच्या गाईड पथकाने पहिल्या शिबिराला नेलेली पेटी, आणि तिच्यातला एक चमचासुद्धा हरवलेला नाही. इतकी पूर्ण पेटी मी दुसरी पाहिली नव्हती, आणि ती मला हवी होती.

स्काऊट-गाईडच्या जुन्या पाण्याच्या बाटल्या आणि शिबिरातली स्वयंपाकाची भांडी जमवायची, हा माझा छंद. हे कुणाला सांगितलं की लोक आधी ‘अरे वा’ म्हणत आणि मग ‘पण का?’ असं विचारत. मी विषय बदलत असे. दिगंबर नाखऱ्यांना हाच प्रश्न विचारला की ते अर्धा तास बोलत. ते बँकेतून निवृत्त झालेले, लहानपणी साताऱ्यातच बालवीर पथकात होते, आणि आता पुण्यात राहून तेच जमवत होते जे मी जमवत होते. रविवारी सकाळी जुन्या बाजारात आम्ही एकाच माणसाच्या पथारीभोवती उलटसुलट दिशांनी फिरायचो आणि एकमेकांना पाहिलंच नाही असं दाखवायचो.

पेटी होती इंदुमती घारगेबाईंची. ऐंशी ओलांडलेल्या, पथकाच्या पहिल्या कॅप्टन. पथकाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. ‘तुमच्या वस्तू घेऊन या, मुलींना बघायला मांडा,’ त्या फोनवर म्हणाल्या होत्या, ‘आणि आमची पेटी त्या दिवशी तुमच्यापैकी एकाला देऊन टाकते. मला आता ती उचलवत नाही.’

‘पण ही तुमच्याकडे कशी आली?’ मी नाखऱ्यांना विचारलं.

‘मागच्या आठवड्यात येऊन घेऊन गेलो. म्हटलं, बाई, कार्यक्रमाच्या दिवशी ही काळीकुट्ट भांडी बरी दिसतील का? साफ करून आणतो. पुण्यात एक बफिंगवाला आहे आपला. मशीनवर धरतो आणि नवरीसारखं करून देतो.’

मी तपेल्यात वाकून पाहिलं. बाहेरून जसं पिवळंधमक, तसंच आतून.

‘आतून पण?’

‘तो पण हेच म्हणाला. साहेब, आतून पण? मी म्हटलं, बाबा रे, मला अर्धवट काम चालत नाही. उलट आतूनच जास्त घाण होती. करडी, ढगाळ, कशीतरीच. आता बघा. तोंड बघून भांग पाडा.’

मी खरंच बघत होते. प्रयोगशाळेत माझं काम धातूंचं पृथक्करण करायचं. कुठल्या धातूत काय किती आहे ते सांगायचं. इथे पृथक्करणाची गरज नव्हती. नाखऱ्यांनी जी करडी घाण काढून टाकली होती ती कथिलाची कल्हई होती, अन्नाला पितळ लागू नये म्हणून दिलेली. पन्नास वर्षं बाईंनी दर शिबिराआधी करून घेतलेली. नाखऱ्यांच्या घरी चहासुद्धा दुसरं कुणीतरी करत असावं.

‘नाखरे, ती घाण नव्हती,’ मी म्हणायला लागले, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

घारगेबाई आल्या. निळी साडी, गळ्यात पथकाचा स्कार्फ, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा. त्यांनी तपेल्याच्या काठावरून हात फिरवला, मग पोटावरून.

‘दिगू, हे आपलंच का रे?’

‘आपलंच, बाई. आतापर्यंत बुरखा घालून बसलं होतं.’

बाई हसल्या. ‘आरशासारखं लागतंय हाताला.’

त्यांचा हात बाहेरूनच फिरला. माझं वाक्य मी अर्धंच ठेवलं. प्रदर्शनातली वस्तू, दिवसभर टेबलावर बसेल. म्हाताऱ्या बाईंचा दिवस कशाला नासवायचा, उद्या नाखऱ्यांना फोन करून सांगता येईल, असा मी विचार केला. तो त्या वेळी बरोबरच होता.

आमची टेबलं समोरासमोर लावली होती. नाखऱ्यांच्या टेबलावर सगळं लखलखत होतं. माझ्या टेबलावर सगळं काळं, करडं, ठेचकाळलेलं. एनॅमलचे डबे, कथिलाचा मुलामा दिलेले जेवणाचे जोडडबे, दुमडत्या दांड्याचे तवे, आणि बाटल्या. प्रत्येक वस्तूपुढे मी स्वच्छ अक्षरात चिठ्ठी ठेवली होती: वस्तू, धातू, अंदाजे काळ. शेवटच्या ओळीत ‘कृपया हात लावू नये’.

पथकाच्या मुली घोळक्याने येत होत्या. नाखऱ्यांकडे हसण्याचा आवाज येत होता. माझ्याकडे मुली हात मागे बांधून उभ्या राहत होत्या.

‘मॅडम, हे फुंकलं तरी चालत नाही का?’ उंच, दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. तिच्या बाहीवर टोळीप्रमुखाच्या पट्ट्या होत्या. शबाना मुलाणी, असं तिच्या खिशावर लिहिलं होतं.

‘कशाला फुंकायचंय?’

‘धूळ बसलीय.’

‘ती जुनी आहे.’

शबानाने मैत्रिणीकडे बघितलं. ‘धूळ पण जुनी आहे म्हणे,’ ती हळूच म्हणाली, आणि दोघी पळाल्या.

मग बाई आल्या. काठी टेबलाला टेकवून त्यांनी एक जोडडबा सरळ हातात घेतला. त्यांना चिठ्ठी वाचता आली नसावी. किंवा आली असावी.

‘ह्याच्यात काय शिजवलंत?’

‘मी काही नाही. कधीच नाही.’

‘मग बुडाला काळं कसलं?’

‘आधी ज्यांचा होता त्यांचं. मी ते तसंच ठेवते. घासलं तर त्या वस्तूचं वय जातं.’

‘म्हणजे दुसऱ्यांची काजळी सांभाळून ठेवलीय तुम्ही.’ त्यांनी डबा खाली ठेवला, बोट पदराला पुसलं. ‘आणि तो समोरचा दुसऱ्यांची काजळी काढून टाकत बसतो. दोघंही तशी कामसूच.’

मी नुसतीच हसले.

‘तुमचं नाव काय म्हणालात?’ बाईंनी विचारलं.

‘सुमेधा खांबेटे.’

‘खांबेटेबाई, तुम्ही लांबून आलात, म्हणून आधीच सांगते. पेटी मी दिगूला देणार आहे. तो इथला पोर. घरच्या हॉलमध्ये काचेचं कपाट करतोय, आतून दिवा, खाली पथकाचं नाव. तुम्हाला वाईट वाटेल.’

‘वाटेल,’ मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे जरा वेळ बघितलं. ‘बरं केलंत, नाही म्हणाला नाहीत ते,’ असं म्हणून त्या गेल्या.

मी थोडा वेळ चिठ्ठ्या सरळ करत बसले. सगळ्या सरळच होत्या.

भाषणं झाली. जुन्या विद्यार्थिनी व्यासपीठावर जाऊन रडल्या आणि हसत खाली आल्या. मग एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला गाठलं. त्यांना एनॅमल म्हणजे नेमकं काय, लोखंडावर काच कशी बसते, ते समजून घ्यायचं होतं, आणि मला सांगायला आवडत होतं. त्यामुळे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला काय चाललंय तिकडे माझं लक्ष गेलं ते फोडणीचा वास आला तेव्हा.

दुपारच्या जेवणाला मुलींनी घरून भाकऱ्या आणल्या होत्या. तिथे करायची होती फक्त आमटी. पहिल्या शिबिरात केली होती तशीच, चिंचगुळाची. शाळेच्या मोठ्या पातेल्यात ती होणार, असं ठरलं होतं. पण मी पोचले तेव्हा तीन दगडांच्या चुलीवर नाखऱ्यांनी लखलखीत करून आणलेलं तपेलं चढलेलं होतं. बाईंना ऐन वेळी वाटलं होतं, पन्नास वर्षांपूर्वी ज्यात आमटी झाली, त्याच भांड्यात आजही व्हावी. नाखरे काजळीच्या भीतीने हबकले होते; पण बाईंनी मुलींकडून तपेल्याला बाहेरून राख-मातीचं लेवण लावून घेतलं होतं, म्हणजे जेवणं झाल्यावर लेप धुतला की पितळ होतं तसं. बाहेरून अगदी नीट काळजी घेतली होती.

तपेल्यात आमटी रटरटत होती. शबाना लांब दांड्याच्या पळीने ढवळत होती, डोळे धुराने लाल.

‘चिंच घातली का?’ मी विचारलं.

‘मघाशीच. बाई म्हणाल्या, चिंच चांगली मुरू दे.’

‘मघाशी म्हणजे?’

‘तुम्ही त्या सरांना काचेचं सांगत होतात ना, तेव्हा.’

ते बरंच लांबलं होतं.

बाई चुलीपासून थोड्या अंतरावर खुर्चीत बसल्या होत्या, नाखरे त्यांच्या शेजारी उभे. मी बाईंजवळ वाकले आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, ‘बाई, ही आमटी मुलींना देऊ नका. तपेल्याला कल्हई नाही.’

‘कल्हई नाही कशी? मी स्वतः करून घेतलीय. जोशी मंडळींच्या गल्लीत बसायचा त्या कल्हईवाल्याकडून. समोर उभी राहून.’

‘होती. पॉलिशमध्ये गेली. आतून पितळ उघडं आहे. चिंचेने तांबं आमटीत उतरतं. मुलींना उलट्या होतील.’

‘काय म्हणतात मॅडम?’ नाखरे पुढे आले.

मी पुन्हा सांगितलं. तोपर्यंत आजूबाजूला माणसं जमली होती, म्हणून हळू बोलण्यात अर्थ राहिला नव्हता.

नाखऱ्यांचा चेहरा आधी पडला आणि मग चढला. ‘वा. म्हणजे आता आमचं भांडं विषारी. सकाळी विषारी नव्हतं. बाईंनी पेटी कुणाला द्यायची ते सांगितलं आणि मग झालं विषारी.’

‘सकाळी त्यात आमटी नव्हती.’

‘मॅडम, रागावू नका. पण माणसाने हरताना जरा हसावं.’

‘मी हरलेय, ते मला मान्य आहे,’ मी म्हटलं. ‘आमटीचं तेवढं वेगळं बघा.’

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांना चष्म्यातून तपेल्याचं आतलं काही दिसत नव्हतं, आणि आता तर ते आमटीने काठोकाठ भरलेलं होतं. कुणालाच काही दिसत नव्हतं.

‘बाई, एक थेंब चाखा,’ मी म्हटलं. ‘तुम्हाला लगेच कळेल.’

‘ते व्हायचं नाही.’

‘फक्त थेंब. तळहातावर.’

‘आमच्याकडे मुली जेवल्याशिवाय कॅप्टन अन्नाला तोंड लावत नाही. चव बघायला पण नाही. पन्नास वर्षांत मीठ कमी पडलं, जास्त पडलं, एकदा तर साखर पडली. मी नाही चाखलं.’

‘मग मी चाखतो,’ नाखरे म्हणाले. ‘शबाना, दे गं वाटी.’

‘तू पण नाही, दिगू. मुलींच्या आधी कुणीच नाही.’

म्हणजे असं होतं. ज्या एका जिभेवर सगळ्यांचा विश्वास होता ती मुली जेवल्यावरच चव घेणार होती, आणि मुली जेवल्यावर चव घेऊन काही उपयोग नव्हता. मला खिळ्याचा प्रयोग सुचला. घासलेला लोखंडी खिळा आंबट आमटीत ठेवला तर त्याच्यावर तांब्याचा लालसर थर येतो. पण एवढ्या डाळ-गुळात तो कधी येईल आणि किती दिसेल, ते मला खात्रीने सांगता येत नव्हतं. आणि मुली ताटल्या घेऊन रांगेत बसायला लागल्या होत्या. भुकेल्या होत्या. शबाना वाढायची पळी धुवून आली.

‘बाई, वाढू?’

‘वाढ,’ बाई म्हणाल्या.

शेजारी ओलं गोणपाट पडलं होतं. मी ते घडी घालून दोन्ही हातांत धरलं, तपेल्याचा काठ पकडला आणि तपेलं पलीकडच्या बाजूला लोटलं.

ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, म्हणून आधी नुसतंच डुगडुगलं. मग एकदम गेलं. सगळी आमटी चुलीत. राखेचा, वाफेचा असा लोट उठला की शबाना किंचाळत मागे पळाली. फोडणीचा, ओल्या लाकडाचा आणि जळक्या गुळाचा वास सगळ्या मैदानावर पसरला. तपेलं गडगडत एका दगडाला अडलं आणि तोंड आमच्याकडे करून पडलं.

रांगेतली एक लहान मुलगी म्हणाली, ‘आता भाकरी कशाशी खायची?’

नाखरे माझ्याकडे बघत होते, ते रागाने नव्हे. रस्त्यात कुणी उगाच नाचायला लागलं तर बघतात तसं. मला माझे कान गरम झालेले जाणवत होते. इतक्या माणसांसमोर मी त्याआधी कधी मोठ्याने शिंकलेही नव्हते.

बाई उठल्या. काठी टेकत तपेल्यापाशी गेल्या. खाली वाकणं त्यांना अवघड होतं. शबानाने हात धरला.

‘ही सांडली,’ त्या म्हणाल्या. ‘आता हे जेवण राहिलं नाही. म्हणजे आता चाखायला हरकत नाही.’

त्यांनी तपेल्याच्या पोटात उरलेल्या आमटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. क्षणभर थांबल्या. मग बाजूला थुंकल्या, नीट, लांब.

‘कळकलीय,’ त्या म्हणाल्या.

एवढा एकच शब्द. पण तिथे उभ्या असलेल्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवलं तर काय होतं ते सांगायला मी तांबं, जस्त, आम्ल असे चार-पाच शब्द वापरले होते. त्यातला एकही कुणाला पटला नव्हता.

‘अगं बाई, खरंच कल्हई नाही की याला,’ एकजण वाकून म्हणाली. ‘पिवळंधोप्प आहे आतून.’

‘मला दाखवा,’ नाखरे म्हणाले. त्यांनी पळीने तळातली आमटी काढली आणि बाई नको म्हणेपर्यंत पिऊन टाकली. मग आणखी एक पळी. ‘मला तर काही कळत नाही. चांगली लागतेय. झणझणीत.’

‘दिगू, ठेव ती पळी.’

‘नाही, खरंच फर्स्ट क्लास आहे, बाई. उगाच आपलं.’

त्यानंतर ते कपाटाच्या दिव्याबद्दल काहीतरी सांगायला लागले, आणि सांगता सांगता गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग, ‘मी जरा आलोच,’ असं म्हणून ते कडुलिंबाच्या झाडामागे गेले. तिथून बराच वेळ आले नाहीत, पण आवाज येत होता. मी शाळेच्या शिपायाला पाणी घेऊन पाठवलं.

राहिला प्रश्न भाकऱ्यांचा. शाळेचं मोठं पातेलं होतं, पण पुन्हा आमटी शिजवण्याइतका वेळही नव्हता आणि डाळही नव्हती. बेसन होतं, संध्याकाळच्या भज्यांसाठी आणलेलं. पिठलं लवकर होतं. पण लहान लहान भांड्यांत, वेगवेगळ्या चुलींवर केलं तर.

बाईंनी नुसती मान वळवून माझ्या टेबलाकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं.

मी टेबलापाशी गेले आणि चिठ्ठ्या गोळा करायला लागले. शबाना मागोमाग आली होती.

‘मॅडम, हात लावू?’

‘लाव. एनॅमलचे डबे सगळे घे, टवका उडालेले दोन सोडून. हे जोडडबे चालतील, आतून मुलामा शाबूत आहे. तव्यांवर भाकऱ्या गरम करा. ताक, टोमॅटो काही घालायचं नाही. आणि ही अॅल्युमिनियमची नको.’

‘आणि बाटल्या?’

‘पाणी भरा. कुठली गळते ते मला माहीत नाही.’

‘तुम्हाला माहीत नाही?’

‘मी कधी भरली नाही.’

शबानाने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं आणि शिट्टी वाजवली. सगळ्या टोळ्या टेबलावर तुटून पडल्या. काही मिनिटांत माझा इतक्या वर्षांचा संग्रह मैदानभर झाला. नाखऱ्यांच्या टेबलावरचं एकही भांडं घेता आलं नाही; सगळी आतून पण चमकत होती.

बाटल्यांपैकी चार गळल्या. एकीच्या बुचाची साखळी तुटली. माझ्या सगळ्यात जुन्या जोडडब्याचा दांडा एका मुलीच्या हातात आला. ती तो घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली, रडण्याच्या बेतात.

‘त्याची खीळ आधीच झिजलेली होती,’ मी म्हटलं. ‘फडक्याने धर. पिठल्यात गुठळ्या होताहेत तुझ्या.’

‘मॅडम, तुम्ही येऊन बघा ना.’

मी गेले. त्या टोळीचं बघितलं, मग दुसऱ्या टोळीने हाक मारली, मग तिसरीने. एका ठिकाणी जाळ फार होता, तो मी ओढून कमी केला. एका ठिकाणी मीठच नव्हतं. कुणीतरी माझ्या साडीचा पदर कमरेला खोचून दिला. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कुठून कुठे चाललेय ते मला कळत नव्हतं.

नाखरे परत आले तेव्हा मुली जेवायला बसल्या होत्या. ते पांढरेफटक पडले होते. शिपायाने त्यांना तांदळाची पेज आणून दिली.

‘तुम्ही ती लाथाडलीत ते बरं झालं,’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

‘लोटली.’

‘लोटलीत. बरं झालं. चाळीस पोरी त्या झाडामागे मावल्या नसत्या.’ मग पेजेत चमचा फिरवत ते म्हणाले, ‘म्हणजे करडं होतं ती कल्हई. मला वाटायचं कल्हई म्हणजे चमकतं ते.’

‘नवी असताना चमकते.’

‘सांगायचं नाही का?’

‘सांगत होते.’

बाई काठी टेकत आल्या. नाखरे उठायला लागले.

‘बस. पेटी तुझीच आहे, दिगू. दिलेला शब्द मी फिरवत नाही.’

नाखऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिठल्याच्या डब्याकडे बघितलं.

‘पण कपाट नको,’ बाई म्हणाल्या. ‘तू बिघडवलंस, तूच नीट कर. कल्हई करून घेऊन ये, समोर उभा राहून. दर वर्षी. आणि शिबिराला पेटी स्वतः घेऊन यायची.’

‘दर वर्षी, बाई?’

‘मी उचलायचे. तू उचल.’

ती पेटी आजही नाखऱ्यांकडे आहे. दर शिबिराला ते गाडीच्या डिकीतून ती काढतात आणि कंबर धरून उभे राहतात. कल्हईवाला शोधणं दर वर्षी जास्त अवघड होत चाललंय, त्याची तक्रार ते मला फोनवर सविस्तर करतात.

त्या दिवशी मुलींना दुसऱ्यांदा वाढून झालं. मग पाहुण्यांना. शबाना एका डब्यात पिठलं आणि वर अर्धी भाकरी घेऊन माझ्याकडे आली. सकाळी सात वाजता पुण्यातून निघताना घेतलेल्या चहावर मी तोवर काढली होती.

‘मॅडम, घ्या.’

‘तिचं राहू दे,’ बाई खुर्चीतून म्हणाल्या. ‘तिला नंतर.’

शबाना डबा घेऊन परत गेली. एवढी आमटी सांडली होती. एवढं तर होणारच होतं. मुख्याध्यापक जेवले, शिपाई जेवले, चुलीसाठी लाकडं आणून दिलेला माणूस जेवला. मुली ताटल्या धुवायला नळावर गेल्या. मी रिकाम्या टेबलापाशी उभी राहिले.

‘आता ये,’ बाईंनी हाक मारली.

त्या पेटीच्या झाकणावर बसल्या होत्या. बाजूला जागा ठेवली होती. समोर दोन डबे होते, माझ्याच संग्रहातले, दोन्हींत तळाला उरलेलं पिठलं, आणि एकच भाकरी. त्यांनी ती मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

‘आपण दोघी राहिलो होतो,’ त्या म्हणाल्या. ‘शेवटी जेवायच्या.’

मी भाकरी हातात धरून तशीच बसले.

‘तू कुठल्या पथकात होतीस?’

‘कुठल्याच नाही.’

‘हे सगळं जमवतेस ते?’

‘शाळेत पथक होतं. माझं नावही होतं त्यात. पण शिबिराला घरून पाठवलं नाही. मुलींनी असं बाहेर राहायचं नाही म्हणून.’ हे मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘बाकीच्या निघाल्या तेव्हा मी नळावर त्यांच्या बाटल्या भरून दिल्या. मग बस गेली.’

बाईंनी मान हलवली. नळावर मुली कशावरून तरी भांडत होत्या आणि शबाना त्यांच्यावर ओरडत होती.

‘तंबू ठोकता येतो?’

‘वाचलंय.’

‘म्हणजे येत नाही. मुली शिकवतील. मे महिन्यात शिबिर आहे. ती नवी शिक्षिका येणार होती, तिचं लग्न ठरलं. मला आता एवढं चालवत नाही, माझ्याबरोबर कुणीतरी लागेल.’

‘मला नोकरी आहे, बाई.’

‘रजा मिळते ना?’

‘मिळते.’ मी हिशोब करायला लागले. किती रजा शिल्लक आहे, साहेबांना काय सांगायचं. ‘किती दिवसांची काढू?’

‘आधी जेव,’ त्या म्हणाल्या. ‘गार होतंय.’